सोमाजी मिस्त्रींचा उजवा कान

सोमाजी मिस्त्रींकडे कुणीही गेले की पहिले भांडण जागेवरून व्हायचे. तुम्ही सहज त्यांच्या उजवीकडे बसलात की ते हातातला चहा खाली ठेवत आणि म्हणत, "तिकडून नाई जी. इकडून बसा." डावीकडे सरकल्याशिवाय बोलणे सुरू होत नसे. उजवा कान मशिनींचा, डावा कान माणसांचा, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती. ठेकेदाराचा लेबर साहेब एकदा त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून चांगली दहा मिनिटे ओरडला. हे ढिम्म. साहेब गेल्यावर मी विचारले, "मिस्त्री, ऐकू तर आलं ना?"

"आलं. पण थो कान कामाचा हाये. त्याच्यात कचरा नाई टाकत मी."

आडनाव कापगते. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचे शेतकऱ्याचे घर. पण तरुणपणीच नांगर सोडून तुमसरच्या एका राईस मिलमध्ये इंजिनापाशी लागले, आणि भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा आमच्याकडची अर्धी गावे इकडे लोटली त्यात तेही आले. मरोद्याच्या बाजूला पाण्याचे एक पंपहाऊस उभे राहत होते. ते उभारण्याचा आणि पुढे चालवण्याचाही ठेका एका खासगी ठेकेदाराकडे होता. मिस्त्री त्याच्याकडे फिटर. मी त्याच्याच स्टोअरमध्ये कारकून, आणि कामावरून सुटलो की कामगार समितीची पत्रके लिहिणारा. मिस्त्रींनी मला नावाने हाक मारल्याचे आठवत नाही. 'कागदवाले' म्हणत.

त्यांचे हत्यार एकच. हातभर लांबीची सळई, आणि तिच्या एका टोकाला लाकडाचा गोळा. राईस मिलमधून आणलेला तो गोळा तेलाने आणि गालाच्या घामाने काळा कुळकुळीत झाला होता. सळईचे टोक चालू बेअरिंगवर टेकवायचे, गोळा उजव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचे. पाच मिनिटे. मग डोळे उघडून निकाल. निकाल दोनच होते. बेअरिंग चांगली असेल तर "खराशो". हा शब्द त्यांनी एका रशियन साहेबाकडून उचलला होता. त्या साहेबाने कुतूहलाने सळई मागून घेतली, कानाला लावली आणि "खराशो, खराशो" म्हणत मिस्त्रींच्या पाठीत अशी थाप मारली की टोपी उडाली. दुसरा निकाल, "बोलून राहिली." बेअरिंग बोलून राहिली म्हणजे ती आतून खराब होत चालली आहे.

आणि मग त्यांचा नियम. माझ्या सगळ्या रागाचे मूळ या नियमात आहे, म्हणून तो नीट सांगतो.

जी बेअरिंग एकदा बोलली, तिच्या घरावर, म्हणजे वरच्या लोखंडी कवचावर, मिस्त्री लाल रंगाने गोल काढत. मग ती दुरुस्त होवो, तिला नवे ग्रीस मिळो, ती महिनाभर तोंड न उघडो, गोल पुसायचा नाही. रोज कामावर आल्यावर पहिला कान लाल गोलाला लावायचा, बाकीच्यांना नंतर. एक नवा इंजिनियर आला होता, इस्त्रीची पँट, डोक्याला सुगंधी तेल. पाहुणे यायचे म्हणून त्याने दोन नंबरच्या पंपावरचा गोल पुसायला सांगितले. "अरे मिस्त्री, ती तर कधीची ठीक झाली आहे. कसे घाण दिसते!"

मिस्त्री म्हणाले, "साहेब, गप्प झाली म्हंजे बरी झाली नाई. भार पडला तवा बोलली न थे? भार पुन्हा पडंल, पुन्हा बोलंल. तवा आयकाले कोनी पायजे का नाई?"

गोल पुसला गेला. पाहुणे येऊन गेले त्याच दिवशी मिस्त्रींनी गोल पुन्हा काढला, पहिल्यापेक्षा जाड. काही आठवड्यांनी पाण्याची मागणी वाढली, पंपावर भार आला आणि बेअरिंग बोलली. पहिला कान तिथेच होता म्हणून पंप वाचला. इंजिनियर पुढे मिस्त्रींशी बोलायला आला की मुकाट्याने डावीकडे जाऊन उभा राहायचा.

घरीही हाच प्रकार. कॅम्प-१ या कामगारांच्या वस्तीत त्यांची एक खोली आणि पुढे पडवी. काकू, म्हणजे त्यांची बायको, जात्यावर दळत असताना हे उठून जात्याला कान लावणार. टरबूज घेताना एकेकाला कान लावून बाजारवाल्याला रडकुंडीला आणणार. माझ्या पत्रकांच्या प्रती काढायचे सायक्लोस्टाइल मशीन त्यांनी एकदा ऐकले आणि म्हणाले, "कागदवाले, तुमची मशीन खोटं बोलून राहिली." मी चिडलो. म्हणाले, "मशीन म्हनलो मी. तुमाले नाई म्हनलो. आतापर्यंत तरी."

काकू हसून म्हणाल्या, "लगीन झालं तवा माह्या छातीलेबी कान लावून पायला होता यायनं. खराशो का फराशो, काई सांगतलंच नाई अजून."

"सांगतलं असतं तं डोक्यावर बसली असती," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या भट्टीचे काम चालले होते त्या सुमारास मिस्त्रींच्या पोटातला जुना व्रण फुटला. कामावरच पडले. मोठ्या दवाखान्यात नेले, तिथे जठराचा तुकडा कापून काढावा लागला. ऑपरेशन चांगले झाले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो तर मिस्त्री उताणे पडलेले, डाव्या हाताची बोटे उजव्या मनगटावर, डोळे मिटलेले. तोंडाचा तोच भाव, सळई कानाला लावल्यावरचा.

"बाबू," त्या दिवशी मी बाबू होतो, "आतला पट्टा घसरून राहिला. चार ठोके बरोबर, मंग दोन एकदम, मंग एक खाल्ला."

मी धावत सिस्टरला आणले. केरळची होती, हिंदी तुटक, पण हात पक्का. तिने एका हाताने मनगट धरले, दुसऱ्याने छातीवर नळी टेकवली, आणि घड्याळाकडे बघत राहिली. "मिस्त्री, छाती पे गिनती अलग, हाथ पे अलग. हिलना नहीं." ती डॉक्टरांना बोलवायला पळाली. मिस्त्री मला म्हणतात, "पायलं? पोरगी बेरिंग ऐकाले शिकली हाये."

औषध दिले, दीड दिवसात लय पुन्हा जागेवर बसली. मग तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी जे सांगितले ते मी काकूंसाठी वहीत उतरवून घेतले होते. ऑपरेशनचा भार शरीरावर आला तेव्हा हृदयाची लय सुटली. आता बसली आहे. पुष्कळांची बसते आणि लोक विसरून जातात. पण जे हृदय एकदा भाराखाली घसरले ते पुढेही घसरू शकते, कधीकधी माणसाला पत्ताही लागत नाही. लय सुटली की आत रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि गुठळी मेंदूकडे गेली की अर्धे अंग जाते. यांना रक्तदाबही आहे. तेव्हा दर महिन्याला येऊन नाडी आणि दाब दाखवायचा, आणि काही दिवस जड काम नाही.

मिस्त्री ऐकत होते. डॉक्टर डावीकडे उभे होते, मीच मुद्दाम तिकडे उभे केले होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मंग खून करा न डॉक्टरसाब. लाल."

डॉक्टरांना आधी कळले नाही. खून म्हणजे खूण, पंपावर काढतात तसा लाल गोल, असे मी समजावले. ते हसले, आणि खरोखरच ठेकेदाराकडे जाणाऱ्या तब्येतीच्या कार्डावर रिमार्क लिहून त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने रेघ ओढली. 'ऑपरेशननंतर हृदयाची लय बिघडली होती. दरमहा तपासणी आवश्यक.'

इथपर्यंत सगळ्यांनी आपापले काम चोख केले. सिस्टरने, डॉक्टरांनी, मिस्त्रींनी. घाण केली ती बाकीच्यांनी, आणि बाकीच्यांत मी आहे.

ठेकेदार तेव्हा पंपहाऊससाठी पक्क्या माणसांची यादी करत होता. रोजंदारी संपणार, नोकरी पक्की होणार. यादीत मिस्त्रींचे नाव नाही! विचारायला गेलो तर लेबर साहेबाने कार्ड टेबलावर आपटले. "रिमार्क है. रिमार्कवाला आदमी पक्का नहीं होता. फिट या अनफिट, बीच का कुछ नहीं." म्हणजे ज्या माणसाच्या कानावर पंप चालत होते तो घरी, कारण एका प्रामाणिक डॉक्टराने खरे लिहिले. खोटे लिहिले असते तर नोकरी पक्की. असा हा कारभार!

समितीची बैठक कॅम्पातल्या चहाच्या टपरीमागे झाली. मिस्त्री उठले. पोटावर एक हात धरून उभे राहिले, टाके अजून ओढत होते.

"माह्यी खून पुसू नका," ते म्हणाले. "खून खरी हाये. खूनवाल्याले कामावर ठेवा, हे मांगा. अन महिन्यातून एक दिवस तपासाले जाऊ द्या, हाजिरी न कापता. येवढंच."

मी संध्याकाळी पत्रक लिहायला बसलो. मला शिकवले होते की मथळा तीन शब्दांत बसला पाहिजे, मागणी लांबून वाचता आली पाहिजे, आणि 'पण' हा शब्द पत्रकात येता कामा नये. मिस्त्रींच्या मागणीत 'पण' ठासून भरला होता. माणूस आजारी होता, पण काम करू शकतो, पण तपासायला हवा. कसले हे पत्रक! मी लिहिले, 'रिमार्क हटाव!' दोनच शब्द. खाली, 'सोमाजी मिस्त्री ठणठणीत आहेत.' आणखी खाली ठेकेदाराला यथेच्छ शिव्या, सभ्य भाषेतल्या.

मिस्त्रींना वाचता बेताचेच येई. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर लावले.

"हे मी कवा म्हनलो बे?" मला ते पहिल्यांदाच 'बे' म्हणाले. "ठणठणीत कोनं सांगतलं तुले?"

"मिस्त्री, तुमचं म्हणणं मथळ्यात मावत नाही. आधी नोकरी तर पक्की होऊ द्या. तपासणीचं मागून बघू."

"कावून मागून? भार आज हाये."

"लोकांना दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर एकही कळत नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि बाजेवर बसल्या बसल्या वळून माझ्याकडे उजवी बाजू केली. बोलणे संपले.

फाटकापाशी आम्ही धरणे धरले. मी घसा फोडून ओरडलो. तिसऱ्याच दिवशी ठेकेदार नमला. इतक्या लवकर नमला, तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता! रिमार्क हटवायला त्याला काय कष्ट? त्याने आपल्या पदरचा एक डॉक्टर बोलावला. त्याने मिस्त्रींचे मनगट क्षणभर धरले, त्या क्षणी नाडी सरळ होती, आणि नव्या कोऱ्या कार्डावर लिहिले, 'फिट'. जुने कार्ड फायलीतून काढून टाकले. आम्ही गुलाल उधळला. मी विजयाचे पत्रक काढले, 'सोमाजी मिस्त्री फिट!' अक्षरे एवढी मोठी की कागद अपुरा पडला. नवऱ्याचे नाव छापून आले म्हणून काकूंनी ते पत्रक पडवीच्या भिंतीवर खळीने चिकटवले.

पुढच्या महिन्यात मिस्त्री साइटवरच्या पत्र्याच्या दवाखान्यात गेले. मोठ्या दवाखान्यात जायचे तर इथून चिठ्ठी लागे. कंपाउंडरने कार्ड पाहिले. "फिट आदमी हो, काहे की जांच? भीड़ मत करो." त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. कंपाउंडर बाकीच्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आ गए नेताजी, फिट होके बीमार." वर त्या दिवसाची अर्धी हाजिरी कापली गेली. तिसऱ्या महिन्यात गेले नाहीत. केरळची सिस्टर मला एकदा बाजारात भेटली आणि रागाने म्हणाली, "मिस्त्री क्यों नहीं आता? भूल गया क्या?" मी काय सांगणार? तो विसरला नाही बाई, आम्ही त्याला जिंकवून ठेवले आहे.

मी समितीपुढे विषय काढला. म्हटले, आता तपासणीची मागणी करू. तेव्हा आमचे सेक्रेटरी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी ठेकेदाराचा माणूस. "काल रिमार्क काढा म्हणून गुलाल उधळला, आज रिमार्क लावा म्हणून धरणं धरायचं? लोक हसतील." आणि खरे सांगतो, लोक हसले असते. म्हणून मी गप्प बसलो. तपासणीच्या मागणीचे लिहिलेले पत्रक दप्तरात ठेवले. त्याचा मथळा लांबलचक होता.

मिस्त्रींनी कुणालाही दोष दिला नाही, हे तर मला अजून सहन होत नाही. कामावर पूर्वीसारखेच येत, सळई लावत. फक्त डब्याच्या सुट्टीत कधी कधी मनगटावर बोटे ठेवून बसत. मी विचारले तर, "आज खराशो," एवढेच.

असे दीडेक वर्ष गेले असेल. मग तो दिवस आला. चार नंबरचा पंप, अगदी नवा, लाल गोल नसलेला. मिस्त्रींनी सळई लावली, डोळे मिटले आणि एकदम ओरडले, "बंद करा! बोलून राहिली!"

पंप थांबवला. बेअरिंग उघडली. पाच माणसांनी उलटीपालटी करून पाहिली. आरशासारखी. एक ओरखडा नाही. इंजिनियर सोडून सगळे बोलले. "मिस्त्री, कान म्हातारा झाला." "मिस्त्री, आता डावा वापरा." इतक्या वर्षांत त्यांचा निकाल पहिल्यांदा चुकला होता, आणि लोकांना त्याचा आनंदच झाला.

मी स्टोअरमधून ग्रीसचा डबा घेऊन आलो होतो, म्हणून पाहिले. मिस्त्री बंद पंपाशेजारी उभे होते. पंप बंद, सगळे शांत. त्यांनी सळई पुन्हा कानाला लावली. बंद पंपाला! ऐकत राहिले. मग सळई खाली केली आणि स्वतःचे मनगट धरले.

"मिस्त्री, काय झालं?"

"काई नाई. पंप बराबर हाये." जरा थांबून म्हणाले, "आवाजबी बराबर होता. पत्ता चुकला."

तो आवाज कुणाच्या आतला होता, हे मला त्या क्षणी समजले नाही. दोन्ही कान शाबूत असलेला, पत्रके लिहिणारा, जगाला शहाणे करायला निघालेला मी! बोटे तापल्या तव्यावर पडावी तसे मला ते वाक्य आता चटका देते. आठवड्याच्या आत, सकाळच्या पाळीला, सळई हातात असतानाच ते कोसळले. उजवे अंग गेले, आणि वाचाही. मोठ्या दवाखान्यात तेच म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी नाडी धरली, मग मला विचारले, "कार्ड कुठे आहे? मी लिहिलेले कार्ड?" मी नवे कार्ड पुढे केले. त्यांनी ते वाचले, परत दिले आणि दुसऱ्या खाटेकडे गेले.

ठेकेदाराने नोकरी संपल्याचा कागद पाठवला. त्यात एकच शब्द टाइप केला होता, 'अनफिट'. बीच का कुछ नहीं.

साकोलीला परत जायच्या दिवशी मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. पडवीत बांधाबांध झालेली. काकू, जाता जाता, भिंतीचा खालचा पट्टा गेरूने सारवत होत्या.

"काकू, आता कशाला? घर तर सोडून चाललात."

"मंग कसं? दुसरी बाई येईन न. तिनं काय म्हनावं?"

मिस्त्री भिंतीला टेकवून बसवलेले. तोंड एका बाजूला ओढलेले. मी सवयीने डावीकडे बसायला गेलो. त्यांनी डावा हात हलवला. नाही. मी थांबलो. पुन्हा हात हलवला, पलीकडे दाखवले. मी उजवीकडे जाऊन बसलो, त्या कामाच्या कानाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी म्हणालो, "मिस्त्री, चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं." डोळे मिटून त्यांनी ऐकले. पाच मिनिटे असतील. निकाल कोणता ते सांगायला जीभ नव्हती.

मग डोळे उघडून त्यांनी काकूंच्या गेरूच्या भांड्याकडे पाहिले. काकूंनी भांडे जवळ सरकवले. डाव्या हाताचे बोट त्यांनी त्यात बुडवले आणि ते शेजारच्या भिंतीवर माझ्या पत्रकाकडे नेले. कागद पिवळा पडला होता, अक्षरे अजून तेवढीच मोठी. 'फिट' या शब्दाभोवती त्यांनी गोल काढायला घेतला. रेघ वाकडी जात होती, गेरू ओघळत होता. मी मनगटाला आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी तो झटकला, आणि गोल स्वतःच पुरा केला.